ऑलमन ब्रदर्स बँड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी रॉक आणि ब्लूज संगीताकडे नव्याने वळणारे मराठी श्रोते ऑलमन ब्रदर्स बँडचे नाव ऐकतात, एखादे तेवीस मिनिटांचे गाणे लावतात आणि मग बरेच प्रश्न घेऊन परत येतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. काही उत्तरे लांब झाली आहेत, कारण त्या गोष्टी थोडक्यात सांगितल्या की हमखास गैरसमज होतो.

बँडमध्ये ऑलमन बंधू नेमके किती होते?

दोनच. थोरला ड्वेन गिटार वाजवत असे आणि धाकटा ग्रेग ऑर्गन वाजवून गात असे. दोघांचा जन्म टेनेसी राज्यातील नॅशव्हिलचा. ड्वेनचा 1946 मधला, ग्रेगचा 1947 मधला. मूळ संचातील उरलेले चौघे नात्याने कोणी नव्हते: गिटारवादक डिकी बेट्स, बेसवादक बेरी ओकली आणि बुच ट्रक्स व जेमो हे दोन ड्रमवादक. नाव दोघांचे असले तरी वाद्यवृंद सहा जणांचा होता, ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी. पुढची बरीच उत्तरे तिच्यावरच उभी आहेत.

हे सहा जण एकत्र कसे आले?

ऑलमन बंधूंनी 1960 च्या दशकात 'ऑलमन जॉइज' आणि नंतर 'अवरग्लास' या नावांनी बँड चालवले. 'अवरग्लास'ला लॉस एंजलिसमध्ये रेकॉर्ड कंपनी मिळाली, पण कंपनीला हवे होते गुळगुळीत पॉप आणि ड्वेनला वाजवायचे होते ब्लूज. तो वैतागून दक्षिणेकडे परतला आणि अलाबामा राज्यातील मसल शोल्स या लहानशा गावात, रिक हॉलच्या 'फेम' स्टुडिओत, इतरांच्या रेकॉर्डवर साथ करू लागला. 1968 च्या अखेरीस गायक विल्सन पिकेटने 'हे जूड' हे गाणे तेथे ध्वनिमुद्रित केले. गाण्याच्या शेवटी ड्वेनने जी गिटार वाजवली आहे, ती ऐकून दूरदूरच्या संगीतकारांनी हा वादक कोण म्हणून चौकशी केली. चौकशी करणाऱ्यांत प्रसिद्ध इंग्रज गिटारवादक एरिक क्लॅप्टनही होता.

मात्र साथीदाराचे काम कितीही प्रतिष्ठेचे असले तरी चार भिंतींतले. ड्वेनला स्वतःचा संच हवा होता. मसल शोल्समध्ये भेटलेल्या जेमोला घेऊन तो फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे गेला. तेथे ओकली, बेट्स आणि ट्रक्स यांच्याबरोबर बराच वेळ सलग वाजवणे झाले आणि हाच आपला बँड, हे त्याने ठरवून टाकले. गायक तेवढा नव्हता. लॉस एंजलिसमध्ये मागे राहिलेल्या ग्रेगला बोलावणे गेले आणि मार्च 1969 मध्ये संच पूर्ण झाला.

जॉर्जियातील मेकन हे गाव या बँडशी इतके का जोडले गेले आहे?

कारण व्यवस्थापक फिल वॉल्डन आणि त्याची 'कॅप्रिकॉर्न' ही रेकॉर्ड कंपनी तेथे होती. वॉल्डन पूर्वी गायक ओटिस रेडिंगचा व्यवस्थापक होता. रेडिंग मेकनमध्येच वाढला आणि लिटल रिचर्डचा तर जन्मच तिथला. संगीताची अशी पुण्याई असलेल्या या गावात 1969 साली सहा जण येऊन राहिले, तेव्हा खिशात पैसे नव्हते. लुईझ हडसन यांच्या 'एच अँड एच' या खाणावळीत त्यांना उधारीवर जेवू घातले जात असे आणि त्या 'ममा लुईझ'ना बँडने पुढे कायम मानाने वागवले. एक गोष्ट नजरेआड करू नये: जेमो कृष्णवर्णीय होता, बाकीचे पाच जण गौरवर्णीय होते, आणि दक्षिणेतील वंशभेदाचे कायदे रद्द होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. अशा वेळी त्या सहा जणांनी एकत्र राहणे आणि प्रवास करणे ही साधी बाब नव्हती.

यांचे संगीत ब्लूज म्हणावे की रॉक?

पाया ब्लूजचा आहे, इमारत मात्र जुन्या ब्लूजवाल्यांनी ओळखली नसती अशी आहे. ब्लूजचा सर्वांत रूढ साचा बारा मापांचा असतो. त्यात मूळ स्वर, त्याचा चौथा आणि पाचवा अशा तीन स्वरांवर उभारलेले स्वरसंघ ठरलेल्या क्रमाने येतात, आणि बारा मापे संपली की पुन्हा पहिल्या मापावर यायचे असते. गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, मग तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो. आपल्याकडे आवर्तन आणि समेची सवय असलेल्या कानांना हा साचा लवकर उमगतो. गंधार आणि निषाद हे स्वर शुद्ध आणि कोमल यांच्या मधल्या जागी हेलकावत ठेवले जातात; ब्लूजची तक्रारीची, तगमगीची छटा बरीचशी तेथून येते.

'स्टेट्सबरो ब्लूज' हे याचे चांगले उदाहरण आहे. जॉर्जियाचाच अंध गायक ब्लाइंड विली मॅक्टेल याने ते 1928 मध्ये एकट्याने, बारा तारांच्या गिटारीवर, ध्वनिमुद्रित केले. चाळीस वर्षांनी ताज महाल या कलावंताने त्याला विजेच्या गिटारीची आणि ड्रमची साथ दिली, आणि ती आवृत्ती ऐकून ड्वेनने ते उचलले. शब्द बहुतांशी तेच, साचा तोच; पण मॅक्टेलच्या गाण्यात एक माणूस आपल्याशीच बोलत असतो, आणि ऑलमन बंधूंच्या गाण्यात सहा जण एकाच वेळी बोलूनही कोणी कोणाचे वाक्य तोडत नाही. मडी वॉटर्स, एल्मोर जेम्स आणि टी-बोन वॉकर यांच्या रचनांचेही त्यांनी असेच केले.

यात जॅझची भर पडली ती मुख्यतः जेमोमुळे. त्याने इतरांना माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन ऐकवले. एकाच स्वरसंघावर मुक्काम ठोकून आलापासारखा विस्तार करत राहायचे, ही कल्पना तेथून आली. ब्लूजचा साचा आणि जॅझचा विस्तार यांचा हा संकर म्हणजेच हा बँड, असे या लेखकाचे मत आहे.

'स्लाइड' गिटार म्हणजे काय आणि ड्वेन औषधाची बाटली बोटात का घालत असे?

स्लाइड वादनात तार पडद्यावर दाबत नाहीत. काचेची किंवा धातूची नळी तारेला नुसती टेकवून पुढेमागे सरकवतात. त्यामुळे एका स्वरापासून दुसऱ्यापर्यंतचा प्रवास सलग ऐकू येतो, म्हणजेच मींड मिळते. जुन्या हिंदी चित्रपटगीतांतील हवाईयन गिटार आपल्या परिचयाची आहे. तत्त्व तेच, फरक इतकाच की हवाईयन गिटार आडवी ठेवून तिच्यावर धातूची कांडी फिरवतात, तर ब्लूजवाले गिटार नेहमीसारखी धरून नळी बोटात घालतात.

बाटलीची कथा अशी. 1968 मध्ये घोड्यावरून पडून ड्वेनचे कोपर दुखावले आणि तो भावावर रुसून बसला, कारण घोडेस्वारीची कल्पना ग्रेगची होती. ड्वेनच्या वाढदिवशी ग्रेगने ताज महालची रेकॉर्ड आणि सर्दीसाठी 'कोरिसिडिन' या गोळ्यांची काचेची बाटली दाराशी ठेवली आणि तो निघून गेला. ड्वेनने गोळ्या ओतून दिल्या, बाटली धुतली आणि बोटात चढवली. बाटली बोटात चपखल बसली. त्या बाटलीचे उत्पादन पुढे बंद झाले, तरी तिच्या नकला आज गिटारीच्या दुकानांत स्लाइड म्हणून विकल्या जातात.

दोन गिटारवादक समजू शकतो, पण दोन ड्रमवादक कशासाठी?

ट्रक्स ताल रेटत नेतो, जेमो त्या तालाच्या फटींतून वाजवतो. एक आगगाडीसारखा सरळ धावतो, दुसरा रुळांच्या आजूबाजूला नक्षी काढत राहतो. हेडफोन लावून ऐकल्यास हे दोघे वेगळे करता येतात आणि तो एक छान खेळ आहे.

गिटारींचे म्हणाल, तर त्या काळच्या बहुतेक बँडांत एक गिटार मुख्य आणि दुसरी तिच्या मागे असे. येथे दोन्ही मुख्य होत्या. ठरलेल्या जागी दोघे एकच धून काही स्वरांच्या अंतराने, बहुधा तिसऱ्या स्वराच्या नात्याने, बरोबर वाजवत; मग एक जण विस्ताराला सुटे आणि दुसरा साथीला राही; मग उलट. याला जुगलबंदी म्हणण्याचा मोह होतो, पण जुगलबंदीत थोडी चढाओढ अपेक्षित असते आणि येथे दोघे एकमेकांना जागा करून देताना अधिक दिसतात. ओकलीची बेस गिटारही नुसता आधारस्वर धरून बसत नाही. तीही तिसऱ्या गिटारीसारखी गात असते.

'व्हिपिंग पोस्ट'चा ठेका अडखळल्यासारखा का वाटतो?

कारण सुरुवातीची धून अकरा मात्रांची आहे: तीन, तीन, तीन आणि दोन. शेवटच्या खंडात एक मात्रा कमी असल्याने तीनाची सवय झालेला कान दर फेरीला थोडा पुढे ढकलला जातो. आपल्याकडे रुद्र ताल अकरा मात्रांचा आहे, पण त्याची खंडरचना निराळी आहे, त्यामुळे हातावर तो धरून ऐकू नये. गाणे सुरू झाले की ठेका बदलतो आणि सहाच्या झोक्यात येतो. गंमत म्हणजे हे लिहिणाऱ्या ग्रेगला आपण अकरा मोजले आहेत, याचा पत्ता नव्हता; ते ड्वेनने त्याला सांगितले. गाणे सुचले तेव्हा जवळ कागद नव्हता, म्हणून त्याने जळक्या काडेपेटीच्या काड्यांनी इस्त्रीच्या फळीवरील कापडावर शब्द उतरवले, असे तो सांगत असे.

ऐकायला सुरुवात कोठून करावी?

'ॲट फिलमोर ईस्ट' या दुहेरी तबकडीपासून, आणि याबाबत फारसा मतभेद नाही. बँडच्या पहिल्या दोन तबकड्या स्टुडिओत झाल्या आणि त्या बेताच्याच खपल्या. बँडने ओळखले, की आपली खरी ताकद श्रोत्यांसमोर वाजवण्यात आहे. न्यूयॉर्कमध्ये बिल ग्रॅहम याचे 'फिलमोर ईस्ट' हे नाट्यगृह होते. तेथे 12 आणि 13 मार्च 1971 रोजी झालेले कार्यक्रम टॉम डाउड या निर्मात्याच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रित करण्यात आले आणि जुलैमध्ये तबकडी बाहेर आली. चार बाजूंवर मिळून सात गाणी. एक एकोणीस मिनिटांचे, एक तेवीस मिनिटांचे. रेडिओवर वाजण्यासाठी तीन-चार मिनिटांची गाणी लागत असताना ही तबकडी खपली, आणि ऑक्टोबरमध्ये तिला 'गोल्ड'चा दर्जा मिळाला. अमेरिकेच्या संसद ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत 2004 साठी तिची निवड केली.

तेवीस मिनिटे म्हटल्यावर काही जण बिचकतात. बडा ख्याल ऐकणाऱ्यांनी तरी बिचकण्याचे कारण नाही. मात्र घरकाम करताना मागे लावून ठेवण्याचे हे संगीत नव्हे. तसे लावल्यास ते लांबते आणि नीट बसून ऐकल्यास ते पुरत नाही.

'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड' या बँडच्या रचनेतील ही एलिझाबेथ रीड कोण?

मेकनच्या रोझ हिल स्मशानभूमीतील एका थडग्यावरचे नाव. बेट्सने ही केवळ वाद्यांची रचना जिच्यासाठी केली, तिचे नाव उघड करायचे नव्हते, म्हणून त्याने शिळेवरचे नाव उचलले. बँडचे लोक त्या स्मशानभूमीत निवांतपणासाठी जात असत.

एरिक क्लॅप्टनच्या 'लैला' या गाण्यामध्ये ड्वेन ऑलमन वाजवतो, हे खरे आहे का?

होय. ऑगस्ट 1970 मध्ये बँडचा कार्यक्रम मायामीत होता आणि क्लॅप्टन त्याच शहरात 'डेरेक अँड द डॉमिनोज' या नावाने ध्वनिमुद्रण करत होता. टॉम डाउड दोघांचाही निर्माता, त्यामुळे भेट घडली. क्लॅप्टन कार्यक्रमाला आला, मग सगळे स्टुडिओत गेले, आणि ड्वेन त्या तबकडीतील बहुतेक गाण्यांवर वाजवून गेला. 'लैला'च्या उत्तरार्धात पियानोच्या वर जी गिटार पक्ष्यासारखी चिवचिवते, ती त्याची आहे.

ड्वेनचा मृत्यू पीच फळांच्या ट्रकवर आदळून झाला आणि म्हणून पुढच्या तबकडीचे नाव 'ईट अ पीच' ठेवले, असे सांगतात. त्यात तथ्य आहे का?

नाही. ही दंतकथा पन्नास वर्षे फिरत आहे. 29 ऑक्टोबर 1971 रोजी मेकनमध्ये ड्वेनच्या मोटरसायकलला अपघात झाला. समोरचा ट्रक पीचचा नव्हता. ड्वेन तेव्हा चोवीस वर्षांचा होता. 'ईट अ पीच' हे नाव त्याच्याच एका मुलाखतीतील मिश्कील उत्तरावरून आले: क्रांतीसाठी आपण काय करता, असे विचारल्यावर जॉर्जियात आलो की शांततेसाठी एक पीच खातो, अशा अर्थाचे तो बोलला होता. तबकडी 1972 मध्ये आली आणि तिच्यात फिलमोर ईस्टला वाजवलेला तेहतीस मिनिटांचा 'माउंटन जॅम' आहे. आधीच्या तबकडीत 'व्हिपिंग पोस्ट' संपता संपता त्याची सुरुवात ऐकू येते आणि ध्वनी विरतो. तेच वादन येथे पूर्ण मिळते.

11 नोव्हेंबर 1972 रोजी बेरी ओकलीही मोटरसायकलच्या अपघातात गेला. जागा ड्वेनच्या अपघातापासून दोन-तीन चौक अंतरावर होती, वय तेच चोवीस. रोझ हिलमध्ये दोघांची थडगी शेजारी शेजारी आहेत.

एवढे झाल्यावर बँड टिकला कसा?

टिकलाच नाही तर सर्वाधिक खपला. ड्वेनच्या जागी दुसरा गिटारवादक घेतला नाही. चक लेव्हेल हा पियानोवादक घेतला. ओकलीच्या जागी जेमोचा जुना मित्र लामार विल्यम्स आला. ऑगस्ट 1973 मध्ये 'ब्रदर्स अँड सिस्टर्स' आली आणि पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. त्यातील बेट्सचे 'रॅम्बलिन मॅन' दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. बेट्सच्या मुलीच्या नावाची 'जेसिका' ही धून तर संगीताशी संबंध नसलेल्यांच्याही कानांवर गेली आहे, कारण ब्रिटनमधील 'टॉप गिअर' या मोटारींच्या कार्यक्रमाने ती शीर्षकसंगीत म्हणून घेतली. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचे अपघातानंतर दोनच बोटे चालत असतानाचे गिटारवादन मनात ठेवून बेट्सने ती दोन बोटांनी बांधली होती. त्याच वर्षी 28 जुलैला न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन येथे 'ग्रेटफुल डेड' आणि 'द बँड' यांच्यासह झालेल्या कार्यक्रमाला सुमारे सहा लाख लोक आल्याचे मानले जाते. या वर्षांत जॉर्जियाचे माजी राज्यपाल जिमी कार्टर यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचारासाठी बँडने निधी उभारून दिला आणि कार्टर यांनी ते ऋण उघडपणे मानले.

पण पैशाबरोबर मादक द्रव्ये आली आणि आपसातला संवाद आटला. 1976 मध्ये बँडच्या एका कर्मचाऱ्यावर अमली पदार्थांचा खटला झाला, ग्रेगने त्यात साक्ष दिली आणि उरलेल्यांनी त्याच्याबरोबर पुन्हा न वाजवण्याचे जाहीर केले. एकमेकांचे ऐकून घेण्यावर उभा असलेला बँड, एकमेकांचे ऐकणे थांबताच मोडला. पुढे 1978 मध्ये तो पुन्हा जमला, 1982 मध्ये पुन्हा फुटला.

यांना 'सदर्न रॉक'चे जनक म्हणावे का?

रेकॉर्डच्या दुकानात खण शोधायला तो शब्द सोयीचा आहे. ग्रेगला तो मुळीच आवडत नसे. रॉक जन्मलेच दक्षिणेत, तेव्हा 'दक्षिणी रॉक' म्हणजे पाणीदार पाणी म्हटल्यासारखे, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. त्याच्या बाजूने सांगण्यासारखे आणखी एक आहे: त्या शिक्क्याखाली आलेल्या पुढच्या अनेक बँडांनी दोन गिटारी घेतल्या, पण जॅझ घेतले नाही.

डेरेक ट्रक्सचा भारतीय संगीताशी काय संबंध आहे?

बँड 1989 मध्ये पुन्हा उभा राहिला. त्यात वॉरन हेन्स आला आणि 1999 मध्ये बुच ट्रक्सचा पुतण्या डेरेक ट्रक्स आला, तोही स्लाइडवादक. डेरेकने कॅलिफोर्नियातील सान राफाएल येथील उस्ताद अली अकबर खाँ यांच्या संगीत महाविद्यालयात काही काळ शिक्षण घेतले, आणि स्वतःच्या बँडबरोबर नुसरत फतेह अली खाँ यांच्या रचनाही ध्वनिमुद्रित केल्या. त्याच्या वादनात सरोदची सावली शोधणे ही आपली भाबडी आपुलकी नव्हे. तो पट्टी न वापरता उघड्या बोटांनी तार छेडतो, एका स्वरावर बराच थांबतो आणि पुढच्या स्वरावर थेट न जाता त्याच्या भोवती फिरून पोहोचतो. पत्नी सुझन टेडेस्कीबरोबरचा त्याचा 'टेडेस्की ट्रक्स बँड' मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत भरणाऱ्या महिंद्रा ब्लूज महोत्सवातही वाजवून गेला आहे.

आता बँड आहे का?

नाही. न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये ते वर्षानुवर्षे वसंतात मुक्काम ठोकून वाजवत; तेथेच 28 ऑक्टोबर 2014 च्या रात्री शेवटचा कार्यक्रम सुरू झाला आणि मध्यरात्र उलटून ड्वेनच्या स्मृतिदिनी संपला. बुच ट्रक्स आणि ग्रेग 2017 मध्ये गेले, डिकी बेट्स एप्रिल 2024 मध्ये. त्यानंतर मूळ सहा जणांत जेमो एकटा मागे राहिला. मेकनमधील व्हाइनव्हिल ॲव्हेन्यूवरचे ज्या घरात बँडची मंडळी राहत असत, ते 'बिग हाउस' आता संग्रहालय आहे.

दोन गिटारींतली ड्वेनची कोणती आणि बेट्सची कोणती, हे कसे ओळखावे?

काचेची मींड ऐकू आली की बहुधा ड्वेन; ते सोपे आहे. बाटली बोटात नसताना मात्र घोटाळा होतो. बेट्सचा बाज कंट्री संगीताकडे झुकलेला, प्रसन्न आणि गोलाईचा. तो धून बांधत जातो. ड्वेन अधिक तिखट आहे, तो एक लहान तुकडा पकडून त्याला पिळत राहतो. सरावासाठी फिलमोर ईस्टचे 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड' घ्यावे. आरंभी आवाजाची कळ हळूहळू फिरवून व्हायोलिनसारखे सूर काढणारा बेट्स आहे. दोन्ही गिटारी मिळून मुख्य धून वाजवतात, मग पहिला विस्तार बेट्सचा, मग ग्रेगचा ऑर्गन, आणि ऑर्गन उतरला की जो आत शिरतो तो ड्वेन.